कांद्याला सुट्टी!

आमच्या टीममधल्या एकीला कच्चा कांदा बाधतो. पॉटलकला बिचारी नुसती काकडी चघळते! तिच्यासाठी मी सिसिलीचं संत्रं-फेनेल सॅलड नेते. तिथे कांदाही घालतात, आपण तो चक्क विसरायचा. फेनेल म्हणजे बडीशेपच. फक्त इथे दाणे नाही, जमिनीवर फुगलेला पानांचा बुडखा खायचा. तो कागदासारखा पातळ चिरून 10 मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, मस्त कुरकुरीत होतो. संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग पार काढा, कडू लागतो. वर ऑलिव्ह ऑइल, काळे ऑलिव्ह. बस्स! ॲसिडिटीवाल्यांनी संत्रं बेतानंच घ्यावं. सेलरीची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र फेनेलच्या वाटेला जाऊ नये, दोन्ही एकाच कुळातली. मीठ खायच्या वेळी घाला, नाहीतर डब्यात पाणी सुटतं.