फिरते त्रिमितीय नाव: स्क्रीनसेव्हरची जुळणी

विंडोजमधील ‘३डी टेक्स्ट’ हा स्क्रीनसेव्हर आता पडदा वाचवण्यासाठी नाही. जुन्या सीआरटी पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिले, तर फॉस्फरवर कायमचा डाग पडे. एलसीडीत फॉस्फरचा तो थर नाही आणि वीज वाचवायची तर पडदा बंद केलेलाच बरा. मग हा ठेवायचा कशाला? कुलपासाठी. ‘ऑन रिझ्यूम’वर खूण केली, की परतल्यावर पासवर्ड लागतो. विंडोज आणि एल ही बटणे एकत्र दाबूनही ते साधते, हे खरे. पण विसराळू माणसाला आपोआप पडणारे कुलूपच उपयोगी.

जुळणीची वाट ‘पर्सनलायझेशन’, ‘लॉक स्क्रीन’, ‘स्क्रीन सेव्हर’ अशी. तिथल्या ‘सेटिंग्ज’मध्ये मजकूर किंवा वेळ, फॉन्ट, आकार, फिरण्याचा वेग व प्रकार आणि पृष्ठभाग निवडता येतो. फॉन्ट निवडताना भाषेचा प्रश्न येतो: २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसरसह, मराठी-हिंदी दोन्ही चालतात. लिपी एकच, त्यामुळे मंगलसारखा फॉन्ट दोहोंना पुरतो, ‘पोळा’तल्या ळसकट. मजकूर मात्र आखूड हवा: युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात, म्हणून ‘सौंसर’ ५ चिन्हे घेते, ‘पांढुर्णा’ ९. रफार नीट बसला का, ते ‘प्रीव्ह्यू’त पाहावे.