पणावरची उपजीविका

अमेरिकेत ज्या खेळाला पूल म्हणतात, त्याला हे नाव पैशावरून मिळालेले आहे. अनेकांनी थोडीथोडी रक्कम घालून जमवलेला आणि जिंकणाऱ्याने उचलायचा जो पैजेचा गल्ला, त्याला इंग्रजीत पूल म्हणत. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शहरांत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचे जे अड्डे होते, ते त्यामुळेच पूलरूम या नावाने ओळखले जात. दोन शर्यतींच्या मधला वेळ गिऱ्हाइकांना जड जाऊ नये म्हणून मालकांनी तिथे बिलियर्डची टेबले मांडली, पुढे शर्यतींचा जुगार तिथून उठला, टेबले मात्र राहिली आणि अड्ड्याचे नाव खेळाला चिकटले. ही व्युत्पत्ती प्रथम नोंदवण्याचे कारण असे की, या खेळावर पोट भरणाऱ्यांची मिळकत आजही मोठ्या प्रमाणात त्याच गल्ल्यातून होते. क्रिकेटपटूच्या किंवा टेनिसपटूच्या हाती येणारा पैसा प्रेक्षक, दूरचित्रवाणी आणि जाहिरातदार यांच्याकडून आलेला असतो. पूल खेळणाऱ्याच्या हाती येणारा पैसा बहुधा दुसऱ्या खेळाडूच्या खिशातून निघालेला असतो, आणि या एका गोष्टीतून त्याच्या आर्थिक आयुष्याची जवळजवळ सगळी वैशिष्ट्ये उगवतात.

व्यावसायिक पातळीवर सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे नाईन-बॉल. त्यात १ ते ९ क्रमांकांचे चेंडू टेबलावर रचलेले असतात, खेळाडूने पांढऱ्या चेंडूने दर वेळी टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करायचा असतो आणि ज्याच्या हातून नऊ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार खिशात जातो तो तो डाव, म्हणजे रॅक, जिंकतो. ठरावीक संख्येचे रॅक आधी जिंकणारा सामना जिंकतो, आणि अशा सामन्याला रेस म्हणतात. डाव चार-पाच मिनिटांतही संपू शकतो आणि नशिबाला त्यात बराच वाव असतो. पैज लावण्यासाठी हा प्रकार इतका सोयीचा का ठरला, हे त्यावरून समजते.

एखाद्या पूलरूममध्ये शनिवार-रविवारी भरणाऱ्या स्पर्धेचे बक्षीस दोन भागांचे बनलेले असते: पहिला भाग खेळाडूंच्या प्रवेश शुल्काचा आणि दुसरा भाग पूलरूमच्या मालकाने किंवा एखाद्या प्रायोजकाने वरून घातलेल्या रकमेचा. नमुन्यादाखल असा हिशेब मांडता येईल की ६४ खेळाडूंनी प्रत्येकी २०० डॉलर भरले आणि मालकाने ५,००० डॉलर घातले, तर एकूण १७,८०० डॉलर जमतात आणि ते पहिल्या सोळा जणांत उतरत्या क्रमाने वाटले जातात. बाकीचे ४८ जण रिकाम्या हाताने परततात. परगावाहून मोटारीने आलेल्या खेळाडूला शुल्काखेरीज चार रात्रींच्या मोटेलचे ४००, इंधनाचे ३०० आणि जेवणाखाण्याचे १५० डॉलर धरले तर त्या आठवड्याअखेरचा त्याचा खर्च १,०५० डॉलर होतो. म्हणजे तो बारावा आला आणि त्याला ४०० डॉलर मिळाले, तरी ६४ पैकी ५२ जणांच्या पुढे राहूनही तो साडेसहाशेच्या तोट्यात घरी जातो. वर्तमानपत्रात छापून येते ती त्याची बक्षिसाची रक्कम. खर्चाचा रकाना कुठेच छापला जात नाही, आणि या व्यवसायाविषयीचे गैरसमज बहुतेक त्या न छापलेल्या रकान्यात दडलेले आहेत.

त्यातच करांची भर पडते. अमेरिकी कायद्यानुसार हा खेळाडू स्वयंरोजगारी ठरतो, त्यामुळे सामाजिक सुरक्षा आणि वैद्यकीय विमा यांसाठीचा जो १५.३ टक्के कर नोकरदाराच्या बाबतीत मालक आणि नोकर निम्मा-निम्मा भरतात, तो त्याला सगळा एकट्याने भरावा लागतो. परदेशातून आलेल्या खेळाडूच्या बक्षिसातून, दोन देशांत करविषयक करार नसल्यास, ३० टक्के रक्कम हाती पडण्यापूर्वीच कापली जाऊ शकते. आजारपणाची रजा आणि निवृत्तिवेतन या गोष्टी या व्यवसायाच्या शब्दकोशात नाहीत.

बक्षिसाने भागत नाही म्हणून स्पर्धेभोवती दुसरी एक अर्थव्यवस्था उभी राहिली. तिच्यातील एका चालीला थेट कलकत्ता असेच नाव आहे, कारण ही लिलावपद्धत इंग्रजी अमलातील कलकत्त्याच्या शर्यतींच्या सोडतीशी निगडित होती आणि तिथून ती जगभरच्या क्लबांत पसरली. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक खेळाडूचा लिलाव पुकारला जातो, सर्वाधिक बोली लावणारा त्या खेळाडूचा ‘मालक’ ठरतो आणि जमलेला गल्ला विजेत्या खेळाडूंच्या मालकांत वाटला जातो. बहुतेक ठिकाणी खेळाडूला स्वतःमधील निम्मा हिस्सा विकत घेण्याची मुभा असते. अनेक राज्यांच्या कायद्यात ही पद्धत जुगारात मोडते, तरी ती टिकली, याचे कारण कित्येकदा हा गल्ला अधिकृत बक्षिसापेक्षा मोठा असतो. अंतिम फेरीपूर्वी दोन्ही खेळाडू आपसांत ठरवून बक्षिसांमधला फरक कमी करून घेतात, तीही या अनिश्चिततेतून आलेली रीत आहे. बाहेरच्याला तीत संगनमत दिसेल, पण ज्याला पुढच्या गावाच्या पेट्रोलची चिंता आहे त्याच्या दृष्टीने तो एक प्रकारचा विमाच असतो.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे पैसे लावणारा पाठीराखा, ज्याला पूलरूमच्या भाषेत स्टेकहॉर्स म्हणतात. तो खेळाडूच्या पैजेची रक्कम आणि पुष्कळदा प्रवासखर्चही उचलतो, खेळाडू हरला तर तोटा त्याचा आणि जिंकला तर नफा दोघांत निम्मा, असा साधारण रिवाज आहे. मात्र कित्येक करारांत आधीचा तोटा पुढे ओढला जातो, म्हणजे मागच्या पराभवांची भरपाई झाल्याशिवाय खेळाडूच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि मग सलग चार महिने चांगला खेळणारा माणूससुद्धा केवळ जुनी बाकी फेडत राहतो. सावकार आणि कूळ यांच्या नात्याची कल्पना असलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खेळाला याहून सुस्थिर असा एक आधार होता, तो टेबले बनवणाऱ्या कंपनीचा. फिलाडेल्फियातील पूलरूमवाल्याचा मुलगा विली मॉस्कोनी (१९१३–१९९३) याने १९४१ ते १९५७ या काळात सलग चेंडू पाडण्याच्या स्ट्रेट पूल या प्रकारातील जागतिक अजिंक्यपद पंधरा वेळा मिळवले. परंतु त्याची मुख्य मिळकत ब्रन्सविक कंपनीसाठी गावोगाव केलेल्या प्रदर्शनी सामन्यांतून होत असे. १९३३ मध्ये याच कंपनीने त्याला राल्फ ग्रीनलीफ या थोर खेळाडूबरोबर देशभर फिरवले, तेव्हा १०७ सामन्यांपैकी ५७ ग्रीनलीफने आणि ५० विशीतल्या मॉस्कोनीने जिंकले. ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे १९५४ मध्ये त्याने सलग ५२६ चेंडू पाडण्याचा जो विक्रम केला, तोही असाच एक प्रदर्शनी खेळ होता. खेळाडू टेबलांची जाहिरात करीत होता आणि कंपनी त्याचे घर चालवीत होती, हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडणारा होता. पण पूलरूमची संख्या घटू लागली तसा तो आटत गेला.

१९६१ च्या ‘द हसलर’ या चित्रपटाने खेळाला पुन्हा गर्दी मिळवून दिली, आणि त्याबरोबरच आपले कसब लपवून अनोळखी माणसाला पैजेत ओढणाऱ्या हसलरची प्रतिमाही त्याला कायमची चिकटवली. रुडॉल्फ वांडेरोन याने त्या चित्रपटातील मिनेसोटा फॅट्स ही व्यक्तिरेखा आपल्यावरूनच घेतल्याचा दावा केला आणि ते नाव लावून तो असा प्रसिद्ध झाला की १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याचा मॉस्कोनीशी सामना झाला. मॉस्कोनीने तो सहज जिंकला, तरी सामान्य अमेरिकी माणसाच्या लक्षात नाव राहिले ते फॅट्सचे. मॉस्कोनीला या प्रतिमेचा मनस्वी तिटकारा होता आणि तो रास्त होता, कारण कोटटाय घालून प्रतिष्ठेने जगलेल्या माणसाच्या खेळावर पुढे जाहिरातदार पैसे लावायला बिचकू लागले, त्यामागे या प्रतिमेचा वाटा मोठा होता.

हसलरचा धंदा त्याच्या अनोळखीपणावर चालतो, त्यामुळे कीर्ती हे त्याचे नुकसान असते. फिलिपिन्समधील पाम्पांगा प्रांतात १९५४ साली जन्मलेला एफ्रेन रेयेस लहानपणी मनिलात नातेवाइकाच्या पूलरूममध्ये वाढला, रात्री टेबलावरच झोपत असे. १९८५ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या कौशल्याची वार्ता त्याच्या आधी पोहोचलेली होती, म्हणून त्याने ह्यूस्टनच्या स्पर्धेत सीझर मोरालेस असे नाव लावले आणि ती जिंकली. पुढे १९९६ मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध १२० रॅकच्या रेसमध्ये त्याने १२०–११७ असा विजय मिळवून एक लाख डॉलर जिंकले. तीन दिवस चाललेल्या लढतीत फरक होता तो तीन डावांचा, आणि सगळी रक्कम एकाच बाजूला गेली.

बाहेरचा पैसा खेळात आणण्याचे प्रयत्न वारंवार झाले आणि त्यांचा इतिहास वाचताना मन विषण्ण होते. १९९६ मध्येच डॅलसच्या एका स्पर्धेत सलग दहा रॅक जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याची घोषणा झाली होती. स्ट्रिकलंडने सलग अकरा जिंकले, तेव्हा ज्या विम्याच्या भरवशावर ही घोषणा झाली होती तिथूनच वाद उपस्थित झाला आणि प्रकरण अखेर तडजोडीवर मिटले. त्याच दशकात एका सिगारेट छापाच्या नावाने पुरुषांची मालिका चालली, पण तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आले तसा तो आधारही गेला. सर्वांत मोठे स्वप्न दाखवले ते केव्हिन ट्रूडो या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून धनाढ्य झालेल्या गृहस्थाने. त्याच्या इंटरनॅशनल पूल टूरने २००६ मध्ये लास व्हेगासला २० लाख आणि रीनोला ३० लाख डॉलर बक्षिसांच्या स्पर्धा भरवल्या. लास व्हेगासला जर्मनीचा थॉर्स्टन होमान साडेतीन लाखांचा मानकरी ठरला आणि त्याची रक्कम चुकती झाली, रीनोला रेयेसने पाच लाख डॉलरचे बक्षीस जिंकले, पण स्पर्धा संपल्यावर खेळाडूंना कळवण्यात आले की पैसे एकदम देता येणार नाहीत, ते हप्त्याहप्त्याने मिळतील. मालिका तिथेच कोसळली. मोठ्या बक्षिसांच्या आश्वासनावर विसंबून कितीतरी खेळाडूंनी कर्ज काढून सराव केला होता, नोकऱ्या सोडल्या होत्या. ट्रूडोला पुढे, २०१४ मध्ये, एका पुस्तकाच्या फसव्या जाहिरातीसंबंधी न्यायालयाच्या अवमानाबद्दल दहा वर्षांचा कारावास झाला, त्याचा पूलशी काही संबंध नव्हता.

स्त्रियांनी मात्र १९९३ मध्ये पुरुषांपासून वेगळी मालिका उभारून दूरचित्रवाणीशी थेट नाते जोडले, आणि काही वर्षे तरी जनेट ली किंवा इंग्लंडहून स्नूकर सोडून आलेली ॲलिसन फिशर यांची नावे कोणाही पुरुष खेळाडूपेक्षा घरोघरी अधिक परिचित होती. तरीही लीला २०२१ मध्ये कर्करोगाचे निदान झाले तेव्हा तिच्या मुलींच्या भविष्यासाठी लोकवर्गणीचे आवाहन करावे लागले. खेळाच्या सर्वांत प्रसिद्ध चेहऱ्याची ही अवस्था असेल, तर चाळिसाव्या क्रमांकावरील खेळाडूचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

वर्षभराचे रेशन आणणारा पैसा येतो तो हौशी खेळाडूंकडून. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट हे दोघे स्वतः व्यावसायिक खेळाडू होते. त्यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या लीगमधून अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन ही संघटना वाढली, जी कच्च्या-पक्क्या खेळाडूंना गुणांकनाने बरोबरीत आणून आठवड्याच्या एका संध्याकाळी खेळवते आणि जिची सभासदसंख्या लाखांत आहे. या सभासदांना क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, हव्या असतात, शिकवणी हवी असते, नामवंताबरोबर एक डाव खेळून छायाचित्र हवे असते. म्हणून क्यू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या अव्वल खेळाडूंना मानधन देतात आणि उरलेले तासाच्या दराने शिकवतात, टेबलांचे कापड बदलून देतात किंवा पूलरूमच्या काउंटरवर काम करतात. साउथ डकोटाचा शेन व्हॅन बोनिंग, जो जन्मापासून श्रवणदोषासह वाढला आणि ज्याने पाच वेळा यू. एस. ओपन व २०२२ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले, तो पहिल्या प्रकारात मोडतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातले अंतर खेळाच्या दर्जातील अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे.

हे असेच असले पाहिजे असे नाही, हे शेजारच्याच खेळावरून दिसते. स्नूकरच्या जागतिक स्पर्धेतील विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात, आणि २०२२–२३ च्या हंगामापासून मालिकेतील प्रत्येक खेळाडूला वर्षाकाठी किमान २०,००० पौंडांची हमी देण्यात आली. भारतात तिसराच मार्ग निघाला. १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जागतिक अजिंक्यपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, आणि पुढे याच शहरात १९८५ मध्ये जन्मलेले पंकज अडवाणी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या सेवेत राहून बिलियर्ड व स्नूकरची विश्वविजेतेपदे मिळवत गेले. सार्वजनिक उपक्रमातील नोकरीला सरकारी कृपा म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, परंतु पहिल्या तारखेचा पगार असणारा खेळाडू आणि उद्याच्या मोटेलसाठी आज रात्री पैज घेणारा खेळाडू यांच्या हाताच्या स्थिरतेत फरक पडतोच.

ताजे वळण मॅचरूम या इंग्लिश कंपनीने दिले आहे. तिने २०१८ मध्ये यू. एस. ओपन ताब्यात घेतली, २०२३ मध्ये नाईन-बॉलची जागतिक मालिका बांधली आणि त्यानंतर सौदी अरेबियाशी दीर्घ करार केला. २०२३ मध्ये पोलंडच्या किएल्त्से येथे जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या स्पेनच्या फ्रान्सिस्को सांचेझ रुईझला ६०,००० डॉलर मिळाले होते; पुढच्याच वर्षी जेद्दाहला एकूण बक्षीस दहा लाखांवर गेले आणि फेडोर गोर्स्टने एक्लेंट काचीला १५–१४ असे हरवून अडीच लाख डॉलर घेतले. रक्कम चौपट झाली, पण ती मालिकेच्या शिखरावर, आणि एका राजसत्तेच्या इच्छेवर. खालच्या पायऱ्यांवर शनिवारच्या स्पर्धेचा हिशेब पूर्वीचाच आहे. २०२५ मध्ये जेद्दाहला गोर्स्टलाच १५–१३ ने नमवून तेवढेच बक्षीस जिंकणारा कार्लो बियाडो हा फिलिपिन्समध्ये एके काळी गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहत असे, आणि तेव्हा त्याला दिवसाची मजुरी ठरलेली होती.