मालमोटारीची थंडीची तयारी

लडाखातील द्रास येथे हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. तेथे मुक्कामास राहिलेल्या मालमोटारीचा खरा वैरी तिच्याच पोटातले पाणी होय, असे आम्ही म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते व त्या जोराने एंजिनाचे ओतीव लोखंडही तडकते. म्हणून थंडीपूर्वीच, एंजिन निवल्यावर, जुने पाणी काढून, रबरी नळ्या तपासून, एथिलीन ग्लायकॉल व ऊर्ध्वपातित पाणी समभाग भरावे; हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसते ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांसच थिजते. तेव्हा ‘अधिक ते उत्तम’ हा न्याय येथे लागू नाही. हा द्रव गोड पण विषारी असल्याने मुलाबाळांपासून दूरच ठेवावा.