मज्जापेशीचा होकार आणि नकार

धाटावच्या रासायनिक कारखान्यांत राबणाऱ्या माणसाने विष शरीरात काय करते, हे समजून घेतलेच पाहिजे. काही विषे कातडी जाळतात, काही फुप्फुसे. पण काही विषे शरीरातला निरोपच बिघडवतात. तो निरोप कसा चालतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मेंदू व पाठीचा कणा यांतील मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. या सांध्याला शास्त्रज्ञ सिनॅप्स म्हणतात. अलीकडची पेशी फटीत रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीवर काम करते.

स्वस्थ पेशीच्या आत सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट विद्युत्‌दाब असतो. उत्तेजक रसायनामुळे सोडियमचे धन कण आत शिरतात. दाब उणे 55 च्या आसपास आला की पेशी निरोप पुढे धाडते. निरोधक रसायनामुळे बहुधा क्लोराइडचे ऋण कण आत येऊन तिला रोखून धरतात. एकेका पेशीवर हजारो सांधे असतात. होकार-नकारांची वजाबाकी होऊनच निर्णय ठरतो. जॉन एकल्स यांनी 1951 पासून पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळी घालून हे मोजले. 1963 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

नकार म्हणजे दुबळेपणा नव्हे. पिंप उचलताना दंडाचा पुढचा स्नायू आवळतो, त्याच वेळी मागच्याला ‘थांब’ असा निरोप असतो, म्हणून कोपर वाकते. आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बीत स्ट्रिक्नीन असते. ते ग्लायसीन या निरोधक रसायनाची जागा अडवते. नकार पोचत नाही, सारे स्नायू एकदम आवळतात आणि अंग धनुष्यासारखे ताठते.

दुसरे संकट होकार न थांबण्याचे. मज्जातंतू स्नायूपाशी असेटिलकोलीन सोडतो आणि कोलिनेस्टरेज ते तत्काळ मोडते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या कोलिनेस्टरेजलाच निकामी करतात. मग घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर. पुढे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे वापरलेल्या औषधांत या जातीचीही होती.

हे विष कातडीतूनही शिरते. भिजलेले कपडे ताबडतोब उतरवून अंग साबणाने धुवावे आणि माणसाला इस्पितळात न्यावे. थरथरणाऱ्या कामगाराला दारू प्यालेला ठरवणे सोपे असते, पण रक्ताची तपासणी खरे सांगते. म्हणून अशा खात्यात जाण्यापूर्वी आणि नंतर ठराविक मुदतीने प्रत्येकाचे कोलिनेस्टरेज मोजावे, आणि आकडा कामगाराला सांगावा. तो उतरला तर त्याला दुसऱ्या कामावर घालावे, मजुरी न कापता. मजुरी कापली जाणार असेल, तर कोणीही तपासणीला पुढे येणार नाही.