ॲक्सलवर तोललेली भट्टी

मालवाहू ट्रॉलीचे फिरते स्वयंपाकघर करायचे, तर भट्टी पेटवण्याआधी वजनाचा हिशेब मांडावा लागतो. पोती वाहणाऱ्या ट्रॉलीत माल हौदाभर सारखा पसरतो आणि मुक्कामावर उतरतो. स्वयंपाकघराचे ओझे कायमचे असते आणि ते एकेका कोपऱ्यात साचते: जाड पत्र्याची कोळशाची भट्टी, तिच्या आतल्या अग्निविटा, ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीला हा हिशेब जुना आहे. अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये इथूनच बार्शीकडे धावू लागली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट आणि रूळ हलके. त्यांवरून भरपूर माल न्यायचा म्हणून कॅलथ्रॉप यांनी एका ॲक्सलवर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असे ठरवले. इंजिनालाही हाच नियम होता. डबे आणि वाघिणी २५ फुटांच्या एकाच मापाच्या पोलादी सांगाड्यावर बांधल्या. खालचा सांगाडा तोच, वरची बांधणी गरजेप्रमाणे. मार्ग पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) आणि मिरज (१९२७) इथवर गेला, आणि त्याचा कारखाना कुर्डुवाडीत उभा राहिला. लातूरची वाट २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. कॅलथ्रॉप यांची शिस्त मात्र ट्रॉलीवर भट्टी चढवणाऱ्या प्रत्येकाने आजही गिरवावी अशी आहे.

सोलापूर जिल्ह्यात वारीच्या दिवसांत दिंडीचा ट्रक शिधा आणि भांडी घेऊन पुढे जातो, पण चूल मांडली जाते ती जमिनीवर. फिरत्या स्वयंपाकघरात चूलच गाडीवर राहते. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल दांडीबरोबर वळतो आणि ओझे तिच्या चारही चाकांवर राहते. एकाच ॲक्सलच्या ट्रॉलीत मात्र काही भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर येतो, आणि तो यायलाच हवा. साधारणपणे एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक भार हुकावर असला, तर ट्रॉली सरळ चालते. मागे वजन वाढले की दांडी वर उचलली जाते आणि वेग घेताच ट्रॉली शेपटीसारखी हेलकावते.

खरी अडचण अशी की भट्टीला मागचीच जागा सोयीची, कारण धूर आणि आच स्वयंपाक्यापासून दूर राहते. समजा २०० किलोंची भट्टी ॲक्सलच्या दीड मीटर मागे बसवली. तिला नुसते तोलायलाच ॲक्सलच्या दोन मीटर पुढे १५० किलो ठेवावे लागतात. हुकावरचा भार त्यावर वेगळा. हे पुढचे वजन फ्रीज, ओटा आणि गॅसच्या टाक्यांतून उभे करायचे. पाण्याची टाकी तिथे ठेवू नये. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि दिवसभरात ते संपते. म्हणून टाकी नेमकी ॲक्सलच्या डोक्यावर बसवतात. भरली किंवा रिकामी झाली तरी तोल ढळत नाही. या सगळ्या कामातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे. ट्रॉली उभी केल्यावर चाकांना दगड आणि चारही कोपऱ्यांना जॅक लावतात, नाहीतर माणसे आत चढताच कमानपाटे दबतात आणि कढईतले तेल कलंडते.

हौद्याच्या आत पत्रा आणि रॉकवूल लावतात. प्लायवूड आचेजवळ चालत नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, म्हणून भट्टी बंद हौद्यात न ठेवता फाळक्यामागच्या मोकळ्या ओट्यावर घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर तळाशी साचतो. त्याची वाट फरशीलगत ठेवावी लागते.

भट्टीत निखारे एका बाजूला रचतात. तिकडे कोंबडीचे तुकडे, पनीर किंवा कणीस वरून खरपूस होते आणि उरलेले शिजणे दुसऱ्या बाजूच्या मंद आचेवर होते. चरबी निखाऱ्यावर गळून जाळ उठला, की शीग मंद आचेच्या बाजूला सरकवायची. कोंबडीच्या मांसाचे आतले तापमान ७४ अंशांवर गेले की ती खाण्याजोगी.

कागदांचे काम वेल्डिंगच्या आधी करावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॉलीवर भट्टी बसवून धंदा सुरू करणाऱ्याची इथेच मोठी फसगत होते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना वेगळा. वजनाच्या हिशेबातही एक गोष्ट उरते: सांडपाण्यासाठी दुसरी टाकी हवीच. ती दिवसभर भरत जाते, म्हणून तीही ॲक्सलजवळच घ्यावी.

रात्री काम आटोपले तरी निघण्याची घाई चालत नाही. रस्त्यावरच्या वाऱ्याने राखेखालचा निखारा पुन्हा फुलतो. उरलेला कोळसा झाकणाच्या लोखंडी डब्यात कोंडतात, आणि भट्टीचा तळ हाताला गार लागेपर्यंत ट्रॉली जागची हलवत नाहीत.