नोंदीत न सापडणारं ग्वाल्हेर
(दहशतवादाचा हिशेब : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात गृहमंत्रालयाच्या अहवालातले आकडे चाळले. तो अहवाल वर्षातून एकदा येतो. रोजच्या रोज दहशतवादाच्या हिशेबाची वही भरणारं कोणी आहे का? आहे, आणि ते सरकार नाही.

दिल्लीतली ‘इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट’ ही ना-नफा संस्था १९९७ साली के. पी. एस. गिल यांनी काढली. गिल म्हणजे पंजाबचे माजी पोलीस महासंचालक, १९८८ च्या ‘ब्लॅक थंडर’ कारवाईचे म्होरके. पंजाबात दहशतवाद मोडला म्हणून काही जण त्यांना डोक्यावर घेतात, तर तिथल्या बेपत्ता माणसांचं काय झालं हा प्रश्न काही जण आजही त्यांच्या नावापुढे लावतात. संस्थेचं काम वाचताना दोन्ही गोष्टी ध्यानात असाव्यात. गिल २०१७ मध्ये गेले. त्याआधीपासून संस्थेची धुरा अजय साहनी वाहत आले आहेत.

संस्थेचं सर्वांत मोलाचं काम कारकुनी आहे, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. वर्तमानपत्रांतल्या बातम्या गोळा करायच्या आणि प्रत्येक घटनेची एक ओळ करायची: तारीख, ठिकाण, मेलेले नागरिक, सुरक्षा दलांचे जवान, अतिरेकी. २००० सालापासून ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’ या नावाने ही वही कोणालाही फुकट पाहता येते. तिच्यातले आकडे तात्पुरते आहेत, असं संस्था स्वतःच सांगते.

तात्पुरते म्हणजे काय, ते गडचिरोलीत दिसलं. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड भागात कसनासूरजवळ सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाच्या जवानांची नक्षलवाद्यांशी चकमक झाली. सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा आकडा सोळाच्या आसपास होता. मग इंद्रावतीच्या पात्रात मृतदेह सापडत गेले, दुसऱ्या दिवशी आणखी एका चकमकीतले सहा त्यात मिळाले आणि आकडा चाळिसावर गेला. पहिल्या दिवशी ओळ भरून वही मिटणारा इथे निम्म्याहून जास्त चुकला असता. त्यातही गट्टेपल्ली गावच्या काही कुटुंबांचं म्हणणं होतं की आमची मुलं नक्षलवादी नव्हती, लग्नाला निघाली होती. ती नव्याने भरती झालेली होती, असं पोलीस म्हणाले. आता ही मुलं कोणत्या रकान्यात टाकायची? बातमी पोलिसांच्या तोंडची असेल तर रकानाही बहुधा पोलीसच ठरवतात. दिल्लीत बसून वही भरणाऱ्याकडे यावर फारसा इलाज नाही.

मोठ्यांच्या वह्यांनाही भोकं आहेत. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा ‘ग्लोबल टेररिझम डेटाबेस’ १९७० पासूनच्या घटना नोंदवतो. त्याचा सुरुवातीचा साठा पिंकर्टन या खासगी कंपनीने कार्डांवर जमवला होता. कंपनीचं ऑफिस हलवताना १९९३ ची कार्डं हरवली. १९९३! ज्या वर्षी मुंबईत १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, नेमकं तेच.

भोकं बुजवता येतात. माझा आक्षेप या वहीच्या नमुन्यालाच आहे, आणि तो समजायला ग्वाल्हेर बरं पडतं.

३० जानेवारी १९४८ ची गांधीहत्या या नमुन्यात भरून बघा. ठिकाण : बिर्ला भवन, दिल्ली. मृत : नागरिक, एक. हत्यार : पिस्तूल. झाली ओळ. यात ग्वाल्हेर कुठेच नाही. वास्तविक २० जानेवारीचा पहिला प्रयत्न फसल्यावर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांच्याकडे भरवशाचं हत्यार नव्हतं. २७ तारखेला ते मुंबईहून विमानाने दिल्लीत आले आणि तिथून गाडीने रातोरात ग्वाल्हेरला डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी पोहोचले. दुसऱ्या दिवशी शहरात पिस्तुलाचा शोध झाला, इटालियन बनावटीचं बेरेटा हाती आलं आणि रात्री दोघे परत दिल्लीच्या वाटेला लागले. शिंद्यांच्या या संस्थानी शहरात मराठी वस्ती पिढ्यान् पिढ्यांची. पुण्याकडचे दोन पाहुणे तिथे कोणाच्या डोळ्यांवर येण्याचं कारण नव्हतं, असं मला वाटतं. परचुऱ्यांना खालच्या कोर्टात जन्मठेप झाली, १९४९ मध्ये अपिलात ते सुटले. पिस्तुलाच्या मागावरची तीन नावं, गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा, फरारी आरोपी म्हणून कागदावर राहिली.

एवढं कळायला खटला लागला. कटाची कुणकुण आधी कोणाला होती, हे तपासायला पुढे १९६६ मध्ये नेमलेला कपूर आयोग लागला. त्याने शंभरावर साक्षीदार तपासून १९६९ मध्ये अहवाल दिला. एका ओळीमागे इतकी वर्षं.

घटनेची नोंद स्फोट जिथे होतो तिथली असते. तयारी जिथे झाली, पैसा जिथून आला, रात्र ज्या घरात काढली, ती गावं गाळली जातात. मग नकाशावर जिथे लाल ठिपके दाट तिथेच दहशतवाद, असा समज होतो आणि बंदोबस्तही तिथेच वाढतो. साहनींच्या संस्थेला हे कळत नाही असं नाही. ‘साउथ एशिया इंटेलिजन्स रिव्ह्यू’ हे तिचं साप्ताहिक विश्लेषण आणि एकेका संघटनेचा तारीखवार इतिहास त्यासाठीच आहे. आकडे उचलणारे पत्रकार (आम्हीही त्यातलेच) विश्लेषणाकडे मात्र क्वचित वळतात.

तयारीच्या अशा वाटांचा खरा तपशील सरकारकडेच असतो, कुलूपबंद. ग्वाल्हेरपासून जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. जानेवारी २०१८ मध्ये देशभरच्या पोलीस महासंचालकांची परिषद पंतप्रधानांच्या उपस्थितीत तिथेच भरली. दारं बंद करून झालेल्या अशा चर्चेतलं किती बाहेर येणार? म्हणून संशोधकाला पुन्हा वर्तमानपत्राच्या कात्रणांकडेच यावं लागतं, आणि कात्रणात घटनास्थळ ठळक असतं.

पुढील लेखांकात : खटल्यांची निकालपत्रं. ती कोणालाही मिळतात, पण आकडेवाले ती फारशी उघडत नाहीत.