‘पेण’ जमतं, ‘मूर्ती’ मोडते

समजा, पेणच्या एका गणपती कारखान्याला मूर्तींच्या शेकडो फोटोंवर गिऱ्हाइकाचं गाव छापून पाठवायचं आहे. त्यासाठी कुणी पर्ल भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ‘पेण’ उमटलं, ‘रोहा’ही उमटलं. मग ‘श्रींची मूर्ती, जिल्हा रायगड’ टाकलं आणि सगळं विस्कटलं. रफाराच्या जागी पायमोडका ‘र’, आणि ‘जि’ची वेलांटी ‘ज’च्या उजवीकडे!

असं झालं की सगळे आधी फॉन्ट बदलतात. इथे दहा फॉन्ट बदलले तरी फरक पडत नाही. ‘पेण’ संगणकात प, मात्रा, ण अशा क्रमाने साठवलेलं असतं आणि त्याच क्रमाने मांडलं तरी चालतं. ‘मूर्ती’चे मात्र सहा संकेत: म, ऊकार, र, हलन्त, त, ईकार. यातला र आणि हलन्त मिळून रफार होतो आणि तो उडी मारून ‘ती’च्या डोक्यावर बसतो. ‘जि’मध्ये ज आधी साठवतात, पण वेलांटी त्याच्या आधी काढतात. ही जुळणी कशी करायची याचे नियम फॉन्टमध्ये असतात. पण ते वाचून अमलात आणणारं कुणीतरी लागतं. लिंकन स्टाइन यांचं पर्लमधलं जीडी हे चित्रं बनवणारं मॉड्यूल अक्षरांसाठी फ्रीटाइपवर विसंबतं. फ्रीटाइप एकेका अक्षराचा आकार देतं, जुळणी करत नाही. ते काम हार्फबझ या लायब्ररीचं. मजकुराची मांडणी करणारं पँगो तिचाच वापर करतं, म्हणून मराठी मजकूर पर्लमधून पँगो आणि चित्र काढणाऱ्या कैरोकडे सोपवावा.

रिकामे चौकोन दिसले तर मात्र दोष खरोखर फॉन्टचा: त्यात ते अक्षरच नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले जुने फॉन्ट युनिकोड मजकुराला असंच उत्तर देतात. आणि ‘पेण’ऐवजी नऊ अगम्य चिन्हं आली, तर प्रोग्रॅमने यूटीएफ-८ मजकुराचे नऊ बाइट सुटे वाचले आहेत. प्रोग्रॅममध्येच मराठी लिहिलं असेल तर वर ‘use utf8’ ही ओळ हवी, मजकूर फाइलमधून येत असेल तर वाचतानाच तो उलगडून घ्यावा.

एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण भाषा मराठी असल्याचं सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. पँगोला तेवढं सांगावंच. आपल्या गणपतीवरचा ‘श्री’ आपल्या वळणाचा हवा.

चाचणीला मी ‘पेण’ घेत नाही. ‘श्री, मूर्ती, जिल्हा, दऱ्या, ॲप’ हे पाच शब्द घेतो. ‘दऱ्या’तला आडवा र जुळणी करणाऱ्याची परीक्षा पाहतो, ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीचा फॉन्ट असेल तर तिथे चौकोन दिसतो.